पकड: पेलेट न उडवता शिकायची गोष्ट

पॅरिस ऑलिंपिकमधला तो तुर्की नेमबाज तुम्हाला आठवत असेलच. युसुफ दिकेच. साधा टी-शर्ट, रोजचा चष्मा, एक हात खिशात आणि १० मीटर एअर पिस्तूल मिश्र सांघिक प्रकारात रौप्यपदक. २०२४ मध्ये काही दिवस प्रत्येकाच्या फोनवर त्याचाच फोटो फिरत होता. सगळ्यांनी पाहिला तो खिशातला हात. आता खरं सांगायचं तर पिस्तूल नेमबाजीत जवळपास प्रत्येक जण मोकळा हात असाच कुठेतरी ठेवून देतो. कुणी खिशात घालतो, कुणी अंगठा पट्ट्यात अडकवतो. कारण या खेळात पिस्तूल एकाच हाताने धरायचं असतं, हा नियमच आहे. मोकळा हात लोंबकळत राहिला तर अंग हलतं, एवढंच त्याचं गुपित. आज आपण बोलणार आहोत दुसऱ्या हाताबद्दल, ज्याच्यात पिस्तूल होतं.

मी संत तुकाराम नगरमध्ये राहतो, चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी एअर पिस्तूल मारतो. या भागासाठी सगळ्यात जास्त आलेला प्रश्न असा होता: "दादा, स्वतःचं पिस्तूल नाही, रेंजवर आठवड्यातून एकदाच जायला मिळतं, मग सुधारायचं कसं?" प्रश्न अगदी रास्त आहे. स्पर्धेचं परदेशी एअर पिस्तूल लाखाच्या पुढे जातं. बालेवाडीला जायचं तर इथून काळेवाडी, वाकड करत टू-व्हीलर हाणायची, आणि शिफ्ट आडवी आली की तोही रविवार गेला. पुष्कळ पोरं इथेच सोडून देतात. त्यांना वाटतं की हा खेळ पेलेटच्या डब्या रिकाम्या करणाऱ्यांचा आहे. माझं मत वेगळं आहे. निदान पकडीच्या बाबतीत तरी पेलेटचा संबंध फार थोडा येतो.

आधी पकड इतकी महत्त्वाची का, ते बघू. यात थोडं गणित आहे, पण सोपं आहे.

एअर पिस्तुलावर दोन साइट असतात. मागे खाच असलेली रिअर साइट आणि पुढे नळीच्या टोकाशी फ्रंट साइट. खाचेच्या बरोबर मधोमध फ्रंट साइट दिसली पाहिजे, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, आणि दोघींच्या वरच्या कडा एका रेषेत. या दोन साइटमधलं अंतर साधारण ३५ सेंटिमीटर धरा. लक्ष्य १० मीटरवर. आता फ्रंट साइट खाचेत फक्त १ मिलिमीटर बाजूला गेली, तर लक्ष्यावर ती चूक होते साधारण २८ मिलिमीटर. १० गुणांचं वर्तुळ आहे ११.५ मिलिमीटर व्यासाचं. म्हणजे साइटमधला एक मिलिमीटर तुम्हाला १० वरून थेट ७ वर आणून ठेवतो.

उलट, साइट एकमेकींशी बरोबर जुळलेल्या आहेत आणि अख्खं पिस्तूल सरळच्या सरळ १ मिलिमीटर बाजूला सरकलं, तर लक्ष्यावर चूक किती? १ मिलिमीटरच. दहाचे दहा गुण. हात अख्खा खांद्यापासून झुलला तरी होणारं नुकसान मनगट वळल्याच्या मानाने बरंच कमी असतं. नवीन माणूस नेमका उलटा घाबरतो. त्याला लक्ष्यावर डुलणारं पिस्तूल दिसतं आणि तो ते थांबवायला पिस्तूल आवळतो. आवळलं की मनगट वळतं, मनगट वळलं की साइट तुटते. डुलणं परवडतं, साइट तुटणं परवडत नाही. आणि साइट जुळलेली राहते की नाही, हे ठरतं पंजात पिस्तूल कसं बसलंय त्यावर.

सिनेमात दिसते ती दोन हातांची पकड इथे डोक्यातून काढून टाका. तिथे काडतुसाचा झटका सांभाळायचा असतो. एअर पिस्तुलाला झटका जवळजवळ नसतो. इथे पकडीचं काम एकच, तर्जनी हलत असताना बाकी काहीही हलू न देणं.

आपल्या पट्ट्यातल्या लोकांना हे समजवायला मला एक सोपी वाट सापडली आहे. भोसरी, चाकण, तळवडे, कुठल्याही शॉपवर काम केलेल्या माणसाला फिक्स्चर माहीत असतं. जॉब फिक्स्चरमध्ये ठेवताना आपण आधी काय करतो? तो लोकेटिंग पिनवर नीट टेकवतो. मग क्लॅम्प करतो. आधी क्लॅम्प आवळला आणि मग जॉब ठोकून बसवला तर माप येईल का? आणि क्लॅम्प गरजेपेक्षा जास्त आवळला तर पातळ जॉब वाकतो, सोडला की माप बदललेलं. पकडीचं शंभर टक्के असंच आहे. आधी लोकेशन, मग क्लॅम्पिंग. शिवाय फिक्स्चर चांगलं कधी म्हणतो आपण? जेव्हा शंभरावा जॉबही पहिल्यासारखाच बसतो तेव्हा. किती जोरात धरतं यावर कुणी फिक्स्चर पास करत नाही.

तर लोकेशन. पिस्तूल टेबलावर आहे. डाव्या हाताने ते नळीच्या बाजूने उचला (मी उजव्या हाताच्या माणसाबद्दल बोलतोय, डावखुऱ्यांनी उलटं करून घ्या) आणि उजव्या पंजात बसवा. उजव्या हाताने झडप घालून उचलायचं नाही, कारण मग ते रोज वेगळ्या जागी बसतं. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं बेचकं ग्रिपच्या वरच्या खोबणीत पूर्ण वर जाऊन टेकलं पाहिजे, मध्ये फट नको. तळहाताची खालची कड खालच्या फळीवर, म्हणजे पाम शेल्फवर टेकते. हे दोन झाले आपले लोकेटिंग पिन. बेचकं वर, कड खाली. या दोन जागा रोज त्याच आल्या तर अर्धं काम झालं.

आता क्लॅम्पिंग. मुख्य भार मधल्या बोटावर, कारण ते ट्रिगर गार्डच्या खाली बसतं आणि पिस्तुलाचं वजन त्याच्यावर येतं. अनामिका त्याला साथ देते. करंगळी नुसती टेकलेली, तिने जोर लावला की पिस्तुलाचं तोंड खाली ओढलं जातं. अंगठा विश्रांतीला. दाबाची दिशा समोरून मागे, सरळ बेचक्याकडे. लिंबू पिळतो तसा चारही बाजूंनी दाब नको. आणि तर्जनी ग्रिपच्या लाकडाला चिकटलेली नको. ती मोकळी राहिली तरच ट्रिगर सरळ मागे येतो, लाकडाला घासत गेली तर प्रत्येक शॉटला पिस्तुलाला एक बारीक धक्का देते.

जोर किती? एक जुनी आणि चांगली पद्धत आहे. पिस्तूल समोर धरून हळूहळू आवळत जा. एका क्षणी हात थरथरायला लागेल. तिथून सैल करत या, थरथर थांबेपर्यंत. तिथे थांबा. तुमचा दाब तो. शेकहँड करताना समोरच्याला आपण पकडल्याचं कळतं पण तो हात सोडवून घेत नाही, साधारण तेवढा. पण हा दाब किती आहे यापेक्षा तो शॉट पूर्ण होईपर्यंत तेवढाच राहतो का, हे महत्त्वाचं. एअर पिस्तुलाचा ट्रिगर नियमाने किमान ५०० ग्रॅमचा असतो आणि पिस्तुलाचं वजन असतं किलोच्या आसपास. तर्जनीने ५०० ग्रॅम ओढताना बाकीच्या बोटांनी नकळत आणखी थोडं आवळलं, तर किलोभराचं पिस्तूल हलणारच की.

आणि बोटं आवळतातच. आपला हात जन्मभर एकत्र मूठ वळायला शिकलेला आहे. काच पुसायची फवाऱ्याची बाटली दाबून बघा, तर्जनी ओढली की करंगळीही आत येते. त्या बोटांची फारकत करायला सराव लागतो, आणि हा सराव घरच्या भिंतीसमोर होतो.

त्याआधी सुरक्षिततेचं. घाईत नाही, नीट ऐका. घरात पिस्तूल असेल तर सरावाआधी नळी रिकामी आहे हे दोनदा तपासा. पेलेटची डबी दुसऱ्या खोलीत. तोंड नेहमी भरीव भिंतीकडे, दार-खिडकीकडे कधीच नाही, माणसाकडे तर रिकामं असलं तरी नाही. पडदा ओढून घ्या. गच्चीवर घेऊन जाऊ नका आणि रील तर अजिबात करू नका. पिंपरी-चिंचवडमध्ये हत्यारासोबत रील टाकली म्हणून पोलिसांनी उचललेल्या पोरांच्या बातम्या आपण वाचतोच. खालून बघणाऱ्याला ते खेळाचं पिस्तूल आहे हे कळायचा काही मार्ग नसतो. रेंजवर नेता-आणताना बंद पेटीत. आणि कोरा ट्रिगर ओढायच्या आधी तुमच्या पिस्तुलाला ड्राय फायरची सोय आहे का ते बघा. स्पर्धेच्या बहुतेक पिस्तुलांना असते. स्प्रिंगवाल्या साध्या एअर पिस्तुलाचा रिकामा बार काढला तर आतला पिस्टन मार खातो.

आता सराव. माझ्या खोलीची भिंत माझ्यापासून जेमतेम अडीच मीटरवर आहे. बाहेर वायसीएम हॉस्पिटलकडे जाणाऱ्या ॲम्ब्युलन्सचा आवाज चालूच असतो. एवढी जागा पुरते.

पहिला सराव डोळे मिटून. पिस्तूल लोकेशन-क्लॅम्प या क्रमाने पंजात घ्या, डोळे मिटा, हात वर न्या, मनगट घट्ट, दोन श्वास. डोळे उघडा आणि लगेच बघा, फ्रंट साइट खाचेत कुठे आहे? मधोमध असेल तर वहीत एक टिंब. नसेल तर डावी-उजवी, वर-खाली लिहा. मग पिस्तूल टेबलावर ठेवा आणि हात पूर्ण सोडा. बोटं झटका. परत पहिल्यापासून. असं २० वेळा. ट्रिगर नाही, लक्ष्य नाही, काही नाही. कंटाळवाणं आहे, मान्य. पण बघा, सराव आपण पिस्तूल धरून ठेवण्याचा करत नाही, पकड घेण्याचा करतो. सामन्यात अनेक जण दोन शॉटच्या मध्ये पिस्तूल टेबलावर टेकवतात पण पकड सोडत नाहीत, आणि ते ठीकच आहे. सरावात मात्र दर वेळी सोडायचं. वीस वेळा सोडलं तर वीसदा पकड शिकलो.

इथे एक गल्लत फार होते, ती सांगतो. डोळे उघडल्यावर पिस्तूल भिंतीवर डावीकडे रोखलेलं दिसलं, तर तो पायांचा, म्हणजे स्टान्सचा प्रश्न आहे. मागचा पाय सरकवा. पण फ्रंट साइट खाचेत डावीकडे दिसली, तर तो पकडीचा प्रश्न आहे. तो पाय हलवून सुटत नाही आणि मनगट वळवून तर अजिबात सोडवायचा नाही. मनगट वळवून जुळवलेली साइट शॉटच्या वेळी परत आपल्या मूळ जागी पळते. पिस्तूल पंजातच किंचित फिरवून बसवायचं, परत डोळे मिटायचे, परत बघायचं. वर-खालीची चूक कायम येत असेल तर काही पिस्तुलांत ग्रिपचा कोन बदलता येतो, ते प्रशिक्षकाला विचारून करा.

दुसरा सराव तुमच्या फोनचा आहे, आणि हा मला सगळ्यात आवडतो. फोन स्टँडवर ठेवा, बाजूने, फक्त पंजा फ्रेममध्ये, स्लो मोशन चालू. कोऱ्या भिंतीवर दहा वेळा कोरा ट्रिगर ओढा. डोळा फ्रंट साइटवर. मग व्हिडिओ बघा. तर्जनी मागे येते त्या क्षणी करंगळी आणि अनामिका हलतात का? मधल्या बोटाचं पेर एकदम पांढरं पडतं का? अंगठा दाबला जातो का? तुम्हाला जे हाताला जाणवत नव्हतं ते स्क्रीनवर स्वच्छ दिसतं. कोरी भिंत का, तर लक्ष्य समोर असलं की मन १० च्या मागे लागतं आणि बोट घाई करतं. भिंतीवर घाई करण्यासारखं काही नसतं.

आणि पिस्तूलच नसेल तर? मग तर्जनीची फारकत तरी करा. एक लिटरची भरलेली बाटली मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांत तळहाताशी धरा, हात समोर, आणि तर्जनी एकटी हळू मागे-पुढे. पाणी हललं की समजायचं बाकीची बोटं गप्प नाहीत. वजन जवळपास पिस्तुलाएवढंच, म्हणून खांद्यालाही सवय होते. पण बाटलीने पकड येईल असं मी म्हणणार नाही. बाटलीला बेचकं कुठे टेकणार? मग रेंजवर गेलात की पहिली पंधरा मिनिटं तो डोळे मिटायचा सराव करा, मगच पेलेट भरा. वेळ वाया गेल्यासारखा वाटेल, पण तासाच्या उरलेल्या वेळात प्रत्येक पेलेट काहीतरी सांगेल.

क्लबचं पिस्तूल आपल्या हाताच्या मापाचं नसतं, ही खरी अडचण आहे. ग्रिप लहान-मोठ्या मापात येतात, आणि ज्याचं स्वतःचं पिस्तूल आहे तो त्यावर वुड पुट्टी लावून, पॉलिश पेपरने घासून आपल्या पंजाचा साचा बनवून घेतो. क्लबच्या पिस्तुलाला आपण हात लावू शकत नाही. पण पाम शेल्फ एलन कीने वर-खाली होते. प्रशिक्षकाला विचारून आपल्या जागी आणा, बाजूला स्टीलची पट्टी धरून फोटो काढून ठेवा, निघताना परत होती तिथे न्या. पुढच्या रविवारी फोटो बघून दोन मिनिटांत तीच जागा. शक्य असेल तर दर वेळी तेच पिस्तूल मागा. हातातलं घड्याळ, कडं काढून ठेवायची सवयही आत्ताच लावा. स्पर्धेत पिस्तुलाच्या हाताला मनगटी काही चालत नाही, मनगट पूर्ण मोकळं दिसावं लागतं.

सरावाने पकड किती दूर नेते याचं उदाहरण म्हणून मी नेहमी कारोली टाकाच सांगतो. हंगेरीच्या सैन्यातला नेमबाज. १९३८ मध्ये सरावाच्या वेळी ग्रेनेड उजव्या हातात फुटला, पिस्तूल धरणारा हात गेला. त्याने कुणाला न सांगता डाव्या हाताने सुरुवात केली. पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, तो देशाचा विजेता झाला. महायुद्धामुळे ऑलिंपिक लांबलं, आणि मग १९४८ लंडन व १९५२ हेलसिंकी, दोन्हीकडे २५ मीटर रॅपिड फायरचं सुवर्ण डाव्या हाताने. "माझा हातच तसा नाही" म्हणणाऱ्यांसाठी याहून जास्त काही बोलायची गरज मला वाटत नाही.

आणि आपल्या घरचं उदाहरण कोल्हापूरच्या राही सरनोबतचं. २००८ मध्ये आपल्या पुण्यातच कॉमनवेल्थ युथ गेम्स झाले, तिथे तिने सुवर्ण घेतलं. तिचा प्रकार २५ मीटर पिस्तूल. त्यातला रॅपिडचा भाग पाहिलात तर पकड म्हणजे काय ते एका मिनिटात कळतं. हात खाली, ४५ अंशात. हिरवा दिवा लागला की फक्त ३ सेकंद. तेवढ्यात हात वर, साइट, ट्रिगर. मग ७ सेकंद हात खाली, परत ३ सेकंद. यात साइट जुळवायला वेळच नाही. हात वर येतो तेव्हा ती जुळूनच यावी लागते. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला राही आणि थायलंडच्या नेमबाजाचे ३४-३४ झाले. शूट-ऑफ झाला, तोही ४-४. दुसरा शूट-ऑफ ३-२, आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. त्या दोन शूट-ऑफच्या दहा शॉटमध्ये दर वेळी हात खालून वर आला. यूट्यूबवर तिचे सामने बघा, आणि या वेळी लक्ष्याकडे न बघता तिच्या मनगटाकडे बघा.

आता दोन प्रश्न आणि थांबतो.

एकाने विचारलंय, फोरआर्मसाठी तो स्प्रिंगचा हँड ग्रिपर वापरू का? ताकद हवीच, साठ शॉटच्या सामन्यात ७५ मिनिटांत हात शंभरेक वेळा वर जातो. पण ग्रिपर अख्खी मूठ आवळायला शिकवतो, जे आपण विसरायचा प्रयत्न करतोय. मी त्याऐवजी पिस्तूल नाहीतर बाटली धरून ठेवणं पसंत करतो. कोपर दुखायला लागलं तर मात्र त्या दिवशी बंद, आणि दुखणं राहिलं तर डॉक्टर. कोपराच्या दुखण्यावर सराव करून कुणाचं भलं झालेलं नाही.

दुसरा प्रश्न चाकणहूनच. असेंब्ली लाइनवर दिवसभर न्यूमॅटिक गन चालवतो, संध्याकाळी हात थरथरतो, सराव करू का? शिफ्टनंतर लगेच नको. त्या वेळी घेतलेली पकड हात जास्तच आवळून घेतो आणि तीच लक्षात ठेवतो. सकाळी निघायच्या आधी दहा मिनिटं, वीस वेळा डोळे मिटून, बस. सेकंड शिफ्ट असेल तर दुपारी जेवायच्या आधी. वहीत टिंबं मोजत राहा. वीसपैकी किती मधोमध आली, तो आकडा दर रविवारी मला पाठवा. पुढच्या भागात ट्रिगरवर बोलू.